नुसता उभा राहणारा बंब

मित्रांनो, मी एक जुना आगीचा बंब आहे, आणि ज्या गावाने मला विकत घेतले त्या गावाबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. तुमच्या बाईंनी तुम्हाला रांगेने माझ्यापुढे आणून उभे केले आहे आणि बंबाचे मनोगत लिहायला सांगितले आहे. तुम्ही लिहाल की मी गावाची सेवा केली, गावाने माझे कौतुक केले आणि म्हातारपणी मला कोपऱ्यात टाकले. तसे लिहिलेत तर चांगले गुण मिळतील. पण ते खरे नाही. मला कोपऱ्यात टाकले त्याचे मला दुःख नाही. त्याआधी माझे जे कौतुक झाले, त्याचा मला राग आहे.

गावाचे नाव मी घेणार नाही. ठाण्याहून खाडीच्या काठाने कल्याणकडे निघालात की मध्येच कुठेतरी ते लागते. गावाला नगरपालिका आहे, नगरपालिकेला सभागृह आहे, सभागृहात अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची आहे. आपल्या गावासारखे शहाणे गाव जिल्ह्यात नाही असे तिथल्या प्रत्येकाला वाटते. मी त्याच सभागृहाच्या खिडकीखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये अनेक वर्षे काढली, त्यामुळे ते शहाणपण मी अगदी जवळून ऐकले आहे.

मी जन्माने बंब नव्हे. मी लष्करी लॉरी होतो. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या छावणीत माझ्यासारख्या लॉऱ्या ओळीने उभ्या असत. आम्हाला कोणी विनाकारण फिरवत नसे. हुकूम आला की निघायचे, नाही आला तर तेल-पाणी पाहून उभे राहायचे. ती शिस्त माझ्या अंगात मुरली होती. लढाई संपली, साहेब लोक गेले, छावणीत सिंधमधून आलेली माणसे राहू लागली आणि आमचा लिलाव झाला. मला या नगरपालिकेने घेतले. ठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये पंढरी मिस्त्रीने माझ्या पाठीवर पाण्याची मोठी टाकी बसवली, इंजिनाला पंप जोडला, बाजूला कॅनव्हासच्या नळीची गुंडाळी अडकवली, कपाळावर पितळी घंटा टांगली आणि मला लालभडक रंग दिला. आरशात पाहायची सोय नव्हती, पण रस्त्यावरची माणसे वळून पाहत होती. तेव्हा मी देखणा असणारच.

मला घेण्याचे कारण एकच होते. गावाच्या खाडीकडच्या बाजूला, बंदराजवळ, गवताच्या वखारी आहेत. मुरबाड-शहापूरकडून बैलगाड्यांतून सुके गवत येते, वखारीत ते दाबून त्याच्या गाठी बांधतात आणि त्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना जातात. वखारींना लागूनच गाठी बांधणाऱ्यांच्या झोपड्या आहेत. त्याही गवतानेच शाकारलेल्या. मी यायच्या आदल्या उन्हाळ्यात तिथे आग लागली होती. तेव्हा गावात बंब नव्हता. घागरींनी आणि कळशांनी कितीसे पाणी पडणार? झोपड्यांची एक अख्खी रांग गेली. राघो नावाचा एक गाठी बांधणारा मजूर आतले गवत ओढून काढायला गेला, तो परत आला नाही.

राघोची बायको रंगूबाई. मी गावात आलो त्या दिवशी अध्यक्षांचे भाषण झाले, नारळ फुटला, फोटो निघाला आणि सगळे पांगले. मग ती आली. माझ्या नाकावर हळदकुंकू लावले, टाकीवर हात ठेवला आणि ड्रायव्हर महिपतला विचारले, "भरलेली हाय ना?"

"काठोकाठ," महिपत म्हणाला. हा महिपत साताऱ्याकडचा, मिशा पिळणारा, मनाने वाईट नाही.

"तशीच ठेव बाबा. आमच्या अंगनात परत तसं नको व्हायला."

माझ्यापाशी असलेली सगळी माया मी तेव्हाच त्या एका बाईला देऊन टाकली. बाकीच्यांसाठी फारशी उरली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

पहिली काही वर्षे बरी गेली. मी शेडमध्ये उभा असे. महिपत सकाळी येऊन हँडल मारून इंजिन चालू करी, टाकीत बोट बुडवून पाही, नळी उलगडून पुन्हा गुंडाळी. घंटा वाजली की मी निघे. एकदा भाताच्या गिरणीतल्या कोंड्याने पेट घेतला, तो विझवला. एकदा बंदरावर गवताची गाडी पेटली, ती विझवली. वखारींपर्यंत ठिणगी गेली नाही. बाकीचा वेळ मी पोटभर पाणी घेऊन, दरवाज्याकडे तोंड करून उभा असे. बंबाचे काम तेवढेच असते, मित्रांनो. आग हे त्याचे काम नव्हे. आग हा त्याच्या कामातला एक लहानसा, वाईट भाग आहे. तयार उभे राहणे हेच खरे काम, आणि ते दिसत नाही.

पण माणसांना उभी असलेली वस्तू पाहवत नाही. स्वतः ओट्यावर तंगड्या पसरून दुपारभर पान चघळतील, पण बंब उभा दिसला की यांच्या डोळ्यांत खुपतो. येणारा-जाणारा माझ्या मडगार्डवर हात आपटून म्हणे, "काय रे, नुसता पोसतोय तुला गाव!" हे म्हणणाऱ्यांत असे कितीतरी होते, की ज्यांना पोसून त्यांच्या घरच्यांनी हात टेकले होते.

मग गावात नियोजन आले. तेव्हा सगळ्या देशातच नियोजनाची हवा होती. धरणे, कारखाने, पंचवार्षिक योजना. ठाण्याच्या आसपास, कोलशेतकडे कारखान्यांच्या जागा पाहायला मोटारी फिरत होत्या. मोठ्या देशाला ते शोभत होते. आमच्या गावाने त्यातून उचलले काय, तर एक शब्द. कार्यक्षमता.

तो शब्द प्रभाकर कर्णिक घेऊन आला. नुकताच निवडून आलेला सभासद, मुंबईला कॉमर्स शिकलेला, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. तो लबाड असता तर मला समजले असते. लबाडाला ओळखता येते, हाकलता येते. पण प्रभाकर प्रामाणिक होता. उन्हातान्हात पायी फिरून नगरपालिकेची एकेक वस्तू पाहत होता, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पीत होता. प्रामाणिक माणसाने एकदा चूक करायची ठरवली की त्याला अडवायची कोणाची छाती होत नाही.

त्याने सभागृहात एक मोठा फळा लावून घेतला. नगरपालिकेकडे असलेल्या प्रत्येक साधनाचे नाव डावीकडे, आणि दर आठवड्याला ते किती वेळ वापरले गेले ते उजवीकडे. कचऱ्याच्या गाड्या, त्यांचे बैल, रस्त्याचा रूळ, शाळेची बाकेसुद्धा. अध्यक्ष हरिहरपंत ओक यांना फळा फार आवडला. हरिहरपंत म्हणजे जुने वकील, गोरेपान, उपरणे सावरत बोलणारे. फळ्याखाली उभे राहून फोटो चांगला येतो हे त्यांच्या लगेच लक्षात आले.

पहिल्याच आठवड्यात माझ्या नावापुढे शून्य आले. गावात आग लागली नव्हती. शहाण्या गावाने देवापुढे साखर ठेवली असती. आमच्या गावाने सभा बोलावली.

"पंत, हे पाहा," प्रभाकर खडूने माझे नाव दाखवत म्हणाला. "आपल्याकडची सगळ्यात महागडी वस्तू, आणि उपयोग शून्य. हा ड्रायव्हर, हे पेट्रोल, ही टाकी, सगळं पडून आहे. मुंबईत एखादी कंपनी असं चालवेल का?"

"खरं आहे," हरिहरपंत म्हणाले. "लोकांच्या घामाचा पैसा आहे हा."

मी खिडकीखाली उभा राहून हे ऐकत होतो. टाकी भरलेली नसती तर रागाने खडखडलो असतो.

मग मला काम देण्यात आले. माझ्या मागे आडवी, भोके पाडलेली एक लोखंडी नळी बसवली. झारीच ती. तिच्यातून रस्त्यावर पाणी शिंपडायचे. सभासद विमलाबाईंनी मुलींच्या शाळेपुढची धूळ दाबायची मागणी केली. मागणी खोटी नव्हती. मुली खरोखरच धुळीने खोकत होत्या. मग बाजारपेठेतल्या कापडवाल्यांना धूळ नको झाली. मग स्टेशनचा रस्ता. मग कोणाच्या लग्नाच्या मांडवापुढे सडा, कोणाच्या विहिरीला पाणी कमी म्हणून हौद भरून देणे, कोणा पुढाऱ्याची मिरवणूक यायची म्हणून आधी रस्ता ओला करणे. रोज सकाळी टाकी भरायची आणि दुपारपर्यंत गावभर सांडून यायचे. माझ्या पंपाचा जोर म्हणजे दुमजली घराच्या कौलांवर पाणी जायचा. तो जोर आता वराच्या बापाच्या वहाणा भिजू नयेत म्हणून कमी करून ठेवला होता.

महिपत मात्र खूश होता. पूर्वी दिवसभर शेडमध्ये एकटा बसून तो कंटाळायचा. आता लग्नघरी त्याला भजी मिळत, बाजारात लोक त्याला नावाने हाक मारीत, पोरे मागून नाचत येत. नळीची गुंडाळी जड म्हणून त्याने ती काढून शेडमध्ये खुंटीला टांगली. "शिंपडायला नळी कशाला वागवायची?" असे म्हणाला. कोणी नको म्हटले नाही. मी म्हणालो असतो, पण बंबाला जी घंटा दिली आहे ती माणसाच्या हातात आहे.

फळ्यावर माझा आकडा चढत गेला. लवकरच मी सगळ्यांच्या वर जाऊन बसलो, बैलांच्याही वर. वर्षअखेरीस हरिहरपंतांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि भाषणात मला नगरपालिकेचा सर्वांत कष्टाळू सेवक म्हटले. टाळ्या पडल्या. माझी टाकी तेव्हा रिकामी होती. टाळ्यांचा आवाज तिच्यात घुमत राहिला.

एकदा कोणाच्या तरी लग्नाहून परत येऊन मी सभागृहापुढे उभा होतो. माझ्या नाकावर आंब्याची डहाळी लोंबत होती. रंगूबाई समोरून आली. राघोच्या मागे तिने एकटीने संसार उभा केला होता. गाठी बांधता बांधता एक म्हैस घेतली होती, मग दुसरी, आणि आता दूध घालायला गावात येत होती. सगळ्या गावात साधनांचा उपयोग करून कोणी खरोखर वाढले असेल तर ती. तिचे नाव फळ्यावर नव्हते.

ती थेट हरिहरपंतांना आडवी गेली. "साहेब, बंब कुठं असतो हल्ली? मी येता-जाता बगते, जागेवर नसतोच."

"कामावर असतो, रंगूबाई."

"आन आग लागली म्हंजे?"

"लागली की बोलावून घेऊ."

"कुठून बोलवाल? आत्ता हितं हाय म्हनून दिसला. काल कुठं होता, ठाव हाय तुमाला?"

हरिहरपंत हसले. मोठी माणसे लहान माणसांकडे पाहून हसतात तसे. "अगं, तुमच्या वखारीला आग लागेल लागेल म्हणून आम्ही बंब वर्षानुवर्षं उभा ठेवायचा? गाव पुढं जायचं की नाही?"

"गाव जाऊ द्या हो पुढं. माझी झोपडी हाय तिथंच हाय."

पंत उपरणे सावरत जिना चढले. पंतांना आत सभा होती. सभेत त्या दिवशी मला आणखी एका रस्त्याचे काम मिळाले.

आणि मग चैत्र आला, आणि त्याबरोबर पाहुणे आले. आसपासच्या पालिकांचे आणि पंचायतींचे प्रतिनिधी आमच्या गावाची कार्यक्षमता पाहायला येणार होते. एवढ्या लहान गावाने साधनांचा इतका उपयोग कसा केला, हे त्यांना शिकायचे होते. सकाळपासून मी स्टेशनपासून सभागृहापर्यंतचा रस्ता भिजवत होतो. एकदा भिजवला तो उन्हाने वाळला, म्हणून पुन्हा भिजवला. पाहुणे आले तेव्हा रस्ता पावसाळ्यासारखा काळाभोर दिसत होता. ते थांबून माझ्याकडे पाहू लागले. प्रभाकरने माझ्या मडगार्डवर थाप मारली. "हा आमचा बंब. याची एक घटकासुद्धा आम्ही वाया जाऊ देत नाही."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाने हे लिहूनही घेतले. देव त्याच्या गावाचे रक्षण करो.

सगळे वर फळा पाहायला गेले. थोड्या वेळाने बंदराकडून धूर दिसू लागला. आधी करडा, मग काळा. कोणीतरी धावत आला, महिपतने घंटा वाजवली, प्रभाकर जिना उतरून खाली आला.

"चल, चल, काढ गाडी!"

"टाकी कोरडी हाय, साहेब."

"मग भर!"

"तळ्यावर जाया पायजे. आन नळी शेडमंदी हाय."

नळी घेतली. तळ्यावर गेलो. आता पंपाला नळी जोडायची तर आधी मागची झारी काढायला हवी. एवढे दिवस पाण्यात राहून तिचा नट गंजून घट्ट बसला होता. महिपत पाना लावून लोंबकळला, प्रभाकर इस्त्रीच्या सदऱ्यासकट त्याच्या कमरेला धरून ओढू लागला. मागोमाग आलेले पाहुणे काठावर उभे राहून सूचना करीत होते. नट हलेना. शेवटी घणाने झारी ठोकून पाडली. मग टाकी भरली. मग आम्ही गावातून निघालो. वाटेतला सगळा रस्ता ओला होता. माझी चाके चिखलात घसरत होती, आणि पुढे, जिथे पाण्याचा थेंब पोचला नव्हता, तिथे गवत जळत होते.

पोचलो तेव्हा झोपड्यांची रांग राहिली नव्हती. जळके वासे होते आणि गरम राख होती. मी पाणी सोडले. राखेवर पाणी पडले की फक्त वाफ होते. पलीकडची एक वखार वाचली, तिचे श्रेय पुढे मला देण्यात आले. माणसे वाचली, कारण दुपारची वेळ होती आणि सगळी बाहेर कामावर होती. रंगूबाई रस्त्याच्या कडेला बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. तिने दावे कापून एक म्हैस बाहेर काढली होती. दुसरीपर्यंत पोचता आले नव्हते.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. महिपतकडे पाहत होती. ती म्हणाली, "रस्ता लई छान ओला केलास रे."

महिपत तिथेच चाकाशी टेकून बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याचे मला बरे वाटले. निदान एकाला तरी रडू आले.

चौकशी झाली. मी खिडकीखालून सगळी ऐकली. बंब कोठे होता, असे कोणी विचारले नाही. चूल नीट विझवली होती का, विडी कोणी ओढली होती, गवताच्या जागी माणसे राहतातच कशाला, हे विचारले. आग पूर्वसूचना न देता लागल्याबद्दल खेद व्यक्त झाला. बंबाचा वर्षभरातला उपयोग पाहता खात्याची कामगिरी उत्तम असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. प्रभाकरने त्या दिवशी फळ्याचे नाव काढले नाही. पण हात त्यानेही वर केला. मते मोजताना त्याचे नाव वाचलेले मी ऐकले.

झारी ठोकताना माझा पंप पिचला होता. काही काळ मी कसाबसा चाललो, मग सरकारी मदतीतून नवा बंब आला. चकचकीत, सेल्फने चालू होणारा, बोलायला गोड आणि अगदी भोळा. माझी चाके काढून मला शेडबाहेर दगडांवर बसवले. टाकीतल्या पाण्यावर सभागृहापुढची तगरीची झाडे जगवू लागले. तिथून शेडचे दार आणि भिंतीपलीकडे हरिहरपंतांच्या घराचे मागचे अंगण दोन्ही दिसे. पाहायला तेवढे पुरेसे होते.

गावातल्या साध्या लोकांनी मात्र त्या आगीनंतर आपापसात एक गोष्ट ठरवून घेतली. नगरपालिकेला न विचारता ठरवली म्हणून ती टिकली. बंबाची घंटा ऐकू आली की प्रत्येक घरातून एकाने भरलेले भांडे घेऊन बंबामागे धावायचे. बंबात पाणी असेल, नसेल. आपल्या घागरीत आहे हे आपल्याला ठाऊक असते, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि रंगूबाईने तिचे ठरवले. हात बरे झाल्यावर ती उरलेल्या म्हशीचे दूध घेऊन सकाळी शेडच्या दारात, नव्या बंबाच्या पुढच्या चाकांसमोर बसू लागली. मोक्याची जागा होती, दूध लवकर खपे. पण दूध संपले तरी ती उठत नसे. सुतळी वळत बसून राही.

शिपायांनी तिला उठवायचा प्रयत्न केला. अतिक्रमणाची नोटीस झाली. तिने ती वाचता येत नाही म्हणून म्हशीच्या दाव्याला बांधली. मग हरिहरपंतांच्या नातवाची मुंज ठरली. मांडवापुढे सडा हवा होता, हौद भरायचा होता. महिपत नवा बंब काढायला आला. मागे पंतांचा मुलगा बाळ आणि प्रभाकर. प्रभाकर आता उपाध्यक्ष झाला होता. डोक्यावरचे केस थोडे कमी झाले होते, खिशातली पेनं तेवढीच होती.

"रंगूबाई, सरक की जरा," महिपत ओशाळून म्हणाला.

"आग कुठं लागली?"

"आग न्हाई. पंतांकडं मुंज हाय."

"मग नाय उठत. घंटा वाजली की उठीन."

"अहो बाई," प्रभाकर म्हणाला, "एवढा नवा बंब काय नुसता उभा ठेवायचा?"

"हां," ती म्हणाली. "नुसता उभा."

इतक्या वर्षांत त्या सभागृहाच्या आवारात बोलले गेलेले हे पहिले शहाणपणाचे वाक्य. मला वाटले आता तरी प्रभाकरला काही आठवेल. त्याने मान खाली घातली खरी. पण बाळ हसला. बापाचा मुलगा. "अरे महिपत, बाई काय म्हणतायत? घंटा वाजली की उठते. मग वाजव की घंटा! मुहूर्त टळायची वेळ आली."

महिपत घुटमळला. बाळनेच हात घालून घंटा वाजवली.

रंगूबाई तत्काळ उठली. दुधाचा हंडा उचलला, बाजूला झाली आणि बंबाला वाट दिली. शब्दाची पक्की बाई. नवा बंब निघाला, गेला, पंतांच्या दारात जाऊन उभा राहिला.

आणि त्याच्यामागे गाव धावत आले.

बाजारपेठेतून आले, बंदरावरून आले, शाळेच्या बाजूच्या आळीतून आले. घागरी, कळश्या, बादल्या, एकाजवळ तर चहाची किटली. पंतांच्या मागच्या अंगणात आचाऱ्यांनी मोठमोठी चुलाणी पेटवली होती. भाताचे हंडे चढले होते, वरणाला कढ आला होता आणि धुराचा लोट भिंतीवर दिसत होता. घंटा वाजली होती, बंब दारात उभा होता, धूर दिसत होता. कोणी काही विचारले नाही. सगळ्यांनी मिळून चुलाणी विझवली. इतक्या झटपट, इतक्या शिस्तीत, इतक्या कमी पाण्यात त्या गावात कोणतेही काम झालेले मी पाहिले नव्हते. होमाकडे कळशी घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्याला भटजींनी हात जोडून अडवले, म्हणून मुंज तरी लागली.

भिजलेल्या कोळशांमध्ये हरिहरपंत सोवळ्यात उभे होते. लोक धापा टाकत विचारत होते, "पंत, आग कुठंय? कुणाला लागलं तर नाही?"

"आग नाही," पंत म्हणाले.

"मग घंटा कुणी वाजवली?"

हरिहरपंतांनी जन्मभर भाषणे केली. नारळावर केली, फळ्यावर केली, माझ्या गळ्यात हार घालून केली. त्या दिवशी त्यांना एक वाक्य सुचले नाही. लोक रिकाम्या घागरी घेऊन उभे राहिले, त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि मग एकेक करून निघून गेले. पानात भात पडायला संध्याकाळ झाली.

रंगूबाई तिकडे गेलीच नाही. ती माझ्या दगडांपाशी येऊन बसली होती. सुतळी वळत होती. भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. ती आपल्याशीच म्हणाली, "घंटा म्हंजे आग. आपन काय दुसरं समजनार?" आणि तोंडाला पदर लावून हसली. तिला हसताना मी त्याआधी कधीच पाहिले नव्हते.

त्यानंतर नवा बंब शिंपडायला गेला नाही, लग्नाला गेला नाही, मिरवणुकीला गेला नाही. तसा ठराव झाला नाही. नगरपालिकेत शहाणपणाचे ठराव होत नसतात. फक्त पुन्हा ती घंटा खोटी वाजवायची कोणाची छाती झाली नाही, आणि घंटेवाचून ती बाई उठत नव्हती. फळ्यावर नव्या बंबापुढे शून्य येऊ लागले. हळूहळू फळ्याकडे कोणी पाहीनासे झाले. आता त्यावर संगीत नाटकाच्या तिकिटांचे दर लिहितात.

मित्रांनो, आता तुमच्या बाई घाई करू लागल्या आहेत, म्हणून शेवटचे सांगतो. मला तेल घाला, माझा रंग खरवडू नका, असे मी मागणार नाही. माझे व्हायचे ते होऊन गेले. तुम्ही मोठे व्हाल, कोणी कारकून, कोणी सभासद, आणि एखादा तर नक्कीच अध्यक्ष, कारण वर्गात सगळ्यांत जास्त बोलणारा मुलगा मला दिसतोच आहे. तेव्हा तुमच्या हाती एखादी गोष्ट येईल जी नुसती उभी असेल. भरलेली टाकी, रिकामी खाट, कुलूपबंद औषध, दारात बसलेला पहारेकरी. हिला काहीतरी कामाला लावावे असे तुम्हाला फार वाटेल. चार शहाणे तुमची पाठ थोपटतील. तेव्हा कृपा करून घरी जा, जेवा, झोपा, आणि तिला हात लावू नका.

तो पाहा नवा बंब. सकाळपासून जागचा हललेला नाही. पुढे रंगूबाई बसली आहे. तुमच्यातल्या कोणाला तो आळशी वाटत असेल, तर जाऊन तिला विचारा. ती सांगेल की आज गावात कोणाचेही घर जळत नाही.